खंडेराव गायकवाड (दुसरे)

खंडेराव गायकवाड (दुसरे) (इ.स. १८२८ – २८ नोव्हेंबर, इ.स. १८७०) हे बडोदा संस्थानाचे महाराज होते. इ.स. १८५६ ते १८७० अशी सुमारे चौदा वर्षे त्यांनी राज्य केले. इ.स. १८५७ च्या उठावात त्यांनी घेतलेली इंग्रजांची बाजू, डभोई–मियागाम हा भारतातील पहिला अरुंदमापी लोहमार्ग, मकरपुरा राजवाडा आणि रत्ने व जवाहीर यांचा प्रचंड संग्रह यांसाठी ते ओळखले जातात. मोती, माणके, पाचू, नीलम आणि हिरे यांनी जडवलेला बडोद्याचा मोत्यांचा गालिचा त्यांच्याच आज्ञेने तयार झाला. ब्राझीलमध्ये सापडलेला 'स्टार ऑफ द साउथ' हा जगप्रसिद्ध हिराही त्यांनी विकत घेतला होता. नंतरचे प्रसिद्ध महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे त्यांच्या विधवा राणी जमनाबाई यांचे दत्तकपुत्र होत.

घराणे व पूर्वायुष्य

गायकवाड घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील दावडी गावचे. सेनापती दाभाडे यांच्या पदरी राहून या घराण्यातील पुरुषांनी गुजरातेत पराक्रम गाजवला आणि अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाड यांनी तेथे मराठ्यांच्या सत्तेचा पाया घातला. 'सेना खासखेल समशेर बहादूर' हा या घराण्याचा किताब होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गायकवाडांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला. तेव्हापासून संस्थानाचे परराष्ट्र व्यवहार आणि लष्करी सामर्थ्य इंग्रजांच्या हाती गेले. अंतर्गत कारभार महाराजांकडे राहिला, तरी त्यावर बडोद्यातील रेसिडेंटाची नजर असे.

खंडेराव हे महाराज सयाजीराव (दुसरे) यांचे पुत्र. सयाजीरावांच्या मृत्यूनंतर इ.स. १८४७ मध्ये त्यांचे ज्येष्ठ पुत्र गणपतराव गादीवर आले. गणपतराव इ.स. १८५६ मध्ये औरस वारस मागे न ठेवता वारले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खंडेराव महाराज झाले. त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव हे त्यांच्यानंतरचे वारस ठरत होते. या दोन भावांमधील वैराचा परिणाम पुढे संस्थानाच्या इतिहासावर खोलवर झाला.

खंडेराव शरीराने धिप्पाड व ताकदवान होते. कुस्तीची त्यांना विशेष आवड होती आणि ते स्वतः आखाड्यात उतरत. शिकार, हत्तींच्या झुंजी आणि मल्लयुद्धे यांवर त्यांनी सढळ हाताने खर्च केला. फ्रेंच प्रवासी लुई रूसले हे इ.स. १८६४ मध्ये काही महिने बडोद्यात पाहुणे होते. त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात अग्गडातील हत्तींच्या झुंजींचे, मिरवणुकींचे आणि महाराजांच्या अंगावरील अलंकारांचे तपशीलवार वर्णन केले आहे.

इ.स. १८५७ चा उठाव

खंडेराव गादीवर येऊन वर्ष होण्याच्या आतच उत्तर हिंदुस्थानात उठाव झाला. गुजरात हा मुंबई आणि मध्य हिंदुस्थान यांना जोडणारा प्रदेश असल्याने बडोद्याच्या भूमिकेला मोठे महत्त्व होते. खंडेरावांनी निःसंदिग्धपणे इंग्रजांना साथ दिली. त्याबद्दल गुजरातेतील घोडदळाच्या खर्चासाठी बडोद्याकडून दरवर्षी घेतली जाणारी तीन लाख रुपयांची रक्कम माफ करण्यात आली. इ.स. १८६१ मध्ये 'स्टार ऑफ इंडिया' हा बहुमान स्थापन झाला, तेव्हा तो प्रथम मिळालेल्या हिंदी राजांत खंडेरावांचा समावेश होता. इ.स. १८६२ मध्ये दत्तक घेण्याच्या हक्काची सनदही त्यांना मिळाली. या सनदेचा उपयोग त्यांना स्वतःला झाला नाही, परंतु घराण्याची गादी पुढे दत्तकानेच टिकली.

राज्यकारभार

खंडेरावांच्या कारकिर्दीत बडोद्याचा बाह्य जगाशी संबंध वेगाने वाढला. इ.स. १८६१ मध्ये बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग बडोद्यापर्यंत पोहोचला. दुसऱ्याच वर्षी, इ.स. १८६२ मध्ये, महाराजांनी संस्थानाच्या खर्चाने डभोई ते मियागाम असा सुमारे २० मैलांचा अरुंदमापी लोहमार्ग बांधला. रुळांमधील अंतर अडीच फूट होते. आरंभी या मार्गावरील डबे बैल ओढत असत. पुढे मजबूत रूळ टाकल्यावर इ.स. १८७३ मध्ये त्यावर वाफेची इंजिने नियमितपणे धावू लागली. डभोईभोवतीच्या सुपीक मुलखातील कापूस आणि धान्य मुख्य रेल्वेपर्यंत आणणे हा या मार्गाचा हेतू होता.

हा कापूसच खंडेरावांच्या वैभवाचा मोठा आधार होता. इ.स. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाचे भाव अनेक पटींनी चढले. वऱ्हाडातील खामगाव व अमरावतीप्रमाणेच गुजरातेतील काळ्या जमिनीच्या कानम प्रदेशातही या तेजीत अपार पैसा आला. पिकाचा वाटा वसूल करण्याची जुनी भागबटाईची पद्धत बदलून रोख रकमेत सारा घेण्याचे धोरण खंडेरावांनी याच काळात राबवले आणि त्यासाठी जमिनीची मोजणी सुरू केली. मूळ कल्पना सुधारणेची होती. परंतु तेजीच्या भावांवर बेतलेला सारा मंदीत शेतकऱ्यांना जड झाला. युद्ध संपताच कापूस उतरला, पण साऱ्याची आकारणी त्या प्रमाणात उतरली नाही.

त्यांनी बडोद्याच्या दक्षिणेस मकरपुरा येथे राजवाडा बांधला. शिकारीच्या रानाजवळील हा वाडा इ.स. १८७० मध्ये पूर्ण झाला. सयाजीराव (तिसरे) यांच्या काळात त्याचा विस्तार करण्यात आला.

रत्नसंग्रह

पार्श्वभूमी

मराठा दरबारांत जवाहीर ही केवळ शोभेची वस्तू नव्हती. शिरपेच, कंठा, तुरा, पोहोची यांवरून सरदाराचा दर्जा ओळखला जाई. खिलतीसोबत रत्ने दिली जात, आणि अडचणीच्या वेळी सावकाराकडे गहाण ठेवण्यासाठीही तीच उपयोगी पडत. तैनाती फौजेच्या करारानंतर लढाया थांबल्या आणि मुलूख वाढवण्याचा मार्ग बंद झाला. राजाचे राजेपण प्रजेला व इतर संस्थानिकांना दाखवण्याची जी थोडी साधने उरली, त्यांत मिरवणूक आणि अलंकार ही प्रमुख होती. खंडेरावांच्या रत्नसंग्रहाचा विचार या परिस्थितीच्या संदर्भात केला जातो.

त्या काळी रत्ने बडोद्यात अनेक देशांतून येत. मोती इराणच्या आखातातून निघत आणि बसऱ्याच्या नावाने ओळखले जात. मुंबई ही त्यांची मोठी बाजारपेठ होती. उत्तम माणके ब्रह्मदेशातून आणि नीलम सिंहलद्वीपातून येत. पाचू दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाच्या खाणींतले असत. सोळाव्या शतकापासून ते पोर्तुगीज व्यापाराबरोबर गोव्यामार्गे हिंदुस्थानात येऊ लागले होते. हिऱ्यांच्या बाबतीत मात्र प्रवाह उलटला होता. गोवळकोंड्याच्या खाणी आटल्यानंतर अठराव्या शतकापासून ब्राझील हा हिऱ्यांचा मुख्य पुरवठादार देश बनला होता.

पाचू हा बेरिल या खनिजाचा हिरवा प्रकार होय. क्रोमियम किंवा व्हॅनेडियमच्या अल्पांशाने त्याला हिरवा रंग येतो. मँगनीजमुळे हेच खनिज गुलाबी दिसते. हा गुलाबी बेरिल मादागास्करमध्ये मिळू लागल्यावर, इ.स. १९१० मध्ये अमेरिकन रत्नतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक कुंझ यांनी त्याला 'मॉर्गनाइट' हे नाव सुचवले. तेव्हा खंडेरावांच्या मृत्यूला चाळीस वर्षे होऊन गेली होती. त्यांच्या काळातील दरबारी जडावात रंगाचे स्थान नवरत्नांच्या परंपरेने ठरलेले होते. तांबड्यासाठी माणिक, हिरव्यासाठी पाचू, निळ्यासाठी नीलम आणि शुभ्रतेसाठी मोती व हिरा असा तो क्रम होता. मोत्यांच्या गालिच्यातही हीच रंगयोजना दिसते.

स्टार ऑफ द साउथ

हा हिरा इ.स. १८५३ मध्ये ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातील बागाजेम येथे एका गुलाम स्त्रीला सापडला. कच्च्या स्थितीत त्याचे वजन सुमारे २६२ कॅरट होते. अ‍ॅमस्टरडॅम येथील कोस्टर यांच्या कारखान्यात पैलू पाडल्यावर ते १२८.४८ कॅरट राहिले. याच कारखान्यातील कारागिरांनी इ.स. १८५२ मध्ये कोहिनूरला लंडनमध्ये नव्याने पैलू पाडले होते. हिऱ्याच्या रंगात किंचित गुलाबी-तपकिरी झाक आहे. युरोपातील प्रदर्शनांत तो मांडला गेल्यावर त्याची ख्याती झाली. पुढे खंडेरावांनी तो ८०,००० पौंडांना विकत घेतला. तेव्हाच्या विनिमयदराने ही रक्कम आठ लाख रुपयांच्या आसपास होती. इंग्रजांनी सत्तावन सालच्या मदतीबद्दल जी वार्षिक रक्कम माफ केली होती, तिच्या अडीच पटींहून अधिक किंमत या एका खड्याची होती.

मोत्यांचा गालिचा

हा गालिचा इ.स. १८६५ च्या सुमारास तयार झाला. मदिना येथील पैगंबरांच्या समाधीस अर्पण करण्यासाठी खंडेरावांनी तो करवून घेतला, अशी परंपरा आहे. हिंदू राजाने मुस्लिम पवित्र स्थानासाठी केलेला संकल्प म्हणून या परंपरेला महत्त्व आहे. बडोद्याच्या फौजेत व दरबारात मुसलमान सरदार आणि कलावंत मोठ्या संख्येने होते, आणि मोहरमसारखे सण दरबारी इतमामाने साजरे होत. तथापि गालिचा मदिनेला गेला नाही. महाराजांच्या मृत्यूनंतर तो बडोद्याच्या जामदारखान्यातच राहिला.

गालिचा म्हटले जात असले तरी ही लोकरीची विणलेली वस्तू नाही. हरणाचे कातडे आणि रेशमी कापड यांच्या पायावर मोती टाक्यांनी बसवलेले आहेत. लांबी सुमारे २.६४ मीटर आणि रुंदी सुमारे १.७३ मीटर आहे. बारीक बसरा मोत्यांची संख्या अंदाजे १५ ते २० लाख मानली जाते. शुभ्र मोत्यांच्या पृष्ठभागावर वेली व फुलांची नक्षी असून तिच्यातील रंग बारीक काचमण्यांनी भरले आहेत. मध्यभागी आणि कडेने हिऱ्यांची मोठी फुले आहेत. त्यांत सुमारे २,५०० हिरे चांदी व सोन्याच्या कोंदणात बसवले आहेत. याशिवाय एक हजाराहून अधिक माणके, सुमारे सहाशे पाचू आणि नीलम सोन्यात जडवलेले आहेत. रंगीत खड्यांना पैलू पाडलेले नाहीत. ते गोलसर घोटून गुळगुळीत केलेले आहेत. पैलूंच्या लखलखाटापेक्षा खड्याच्या रंगाची खोली दाखवणारी ही जुनी हिंदी पद्धत आहे.

मूळ संचात असे अनेक भाग आणि मोत्यांचे एक छतही होते. इ.स. १९०२–०३ मध्ये दिल्ली दरबाराच्या वेळी भरलेल्या हिंदी कलांच्या प्रदर्शनात हा गालिचा मांडण्यात आला, आणि तेव्हा प्रथमच तो मोठ्या जनसमुदायाने पाहिला. तो तयार करणाऱ्या कारागिरांची नावे मात्र त्याच्याबरोबर चालत आलेली नाहीत.

बंधू मल्हारराव आणि वारशाचा प्रश्न

इ.स. १८६३ मध्ये खंडेरावांच्या खुनाचा कट उघडकीस आला. त्यात सामील असल्याच्या आरोपावरून मल्हाररावांना बडोद्याजवळील पादरा येथे कैदेत ठेवण्यात आले. खंडेरावांच्या उरलेल्या कारकिर्दीत ते तेथेच होते. इ.स. १८६६ मध्ये खंडेरावांचा विवाह साताऱ्याकडील रहिमतपूरच्या माने घराण्यातील जमनाबाई यांच्याशी झाला.

२८ नोव्हेंबर, इ.स. १८७० रोजी खंडेरावांचे अकस्मात निधन झाले. जमनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. मल्हाररावांना कैदेतून काढून गादीवर बसवण्यात आले, परंतु राणीला पुत्र झाल्यास गादी त्याची, अशी अट घातली गेली. जुलै १८७१ मध्ये जमनाबाईंना कन्या झाली. तिचे नाव ताराबाई. पुढे तिचा विवाह सावंतवाडी संस्थानच्या राजांशी झाला. कन्या झाल्याने मल्हाररावांची गादी पक्की झाली आणि जमनाबाई बडोदे सोडून पुण्यास जाऊन राहिल्या.

मल्हाररावांनी भावाच्या माणसांना दूर केले. सोन्याच्या तोफा ओतवून घेण्यासारख्या खर्चांमुळे आणि जुलमी वसुलीमुळे त्यांचा कारभार लवकरच बदनाम झाला. इ.स. १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप त्यांच्यावर आला. त्या विषात सोमलाबरोबर हिऱ्याची पूडही होती, असे चौकशीत मांडले गेले. चौकशी मंडळातील तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्यांत एकमत झाले नाही. तरीही गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. त्यानंतर जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातील कौळाणे गावच्या गायकवाड शाखेतील बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव निवडला गेला आणि २७ मे, इ.स. १८७५ रोजी दत्तक घेतला जाऊन सयाजीराव या नावाने गादीवर बसला.

संग्रहाचा पुढील इतिहास

सयाजीरावांच्या कारकिर्दीत संस्थानचे जवाहीर बडोद्यातील नजरबाग राजवाड्यात ठेवले जाई आणि निवडक पाहुण्यांना ते दाखवले जाई. इ.स. १९४३ मध्ये महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी सीतादेवी यांच्याशी विवाह केला. स्वातंत्र्याच्या सुमारास सीतादेवी युरोपात मोनाको येथे राहू लागल्या, आणि संग्रहातील काही अत्यंत मौल्यवान वस्तू त्यांच्याबरोबर देशाबाहेर गेल्या. मोत्यांचा गालिचा त्यांपैकी एक होता. बडोदा संस्थान इ.स. १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले.

बडोद्याच्या प्रसिद्ध सात पदरी मोत्यांच्या कंठ्याचा उगमही खंडेरावांच्या संग्रहापर्यंत नेला जातो. त्यातील ६८ मोठ्या मोत्यांचा दोन पदरी हार इ.स. २००७ मध्ये न्यूयॉर्क येथे क्रिस्टीज या लिलावगृहात सुमारे ७१ लाख डॉलरना विकला गेला. 'स्टार ऑफ द साउथ' हिरा इ.स. २००२ मध्ये कार्तिए या फ्रेंच पेढीने घेतला. मोत्यांचा गालिचा १९ मार्च, इ.स. २००९ रोजी दोहा येथे सदबीज या लिलावगृहाने सुमारे ५५ लाख डॉलरना विकला. हा गालिचा आज कतारमध्ये आहे. इराणच्या आखातातून निघालेले मोती अशा रीतीने दीडशे वर्षांनी पुन्हा त्याच आखाताच्या काठी पोहोचले.

मूल्यमापन

खंडेरावांच्या कारकिर्दीविषयी दोन परस्परविरोधी मते मांडली जातात. इंग्रज अधिकाऱ्यांच्या वृत्तांतांत ते दिलदार, हौशी आणि खर्चिक राजे म्हणून येतात. प्रजेच्या स्मरणात ते मल्हाररावांच्या जुलमी काळाशी तुलनेने सौम्य म्हणून राहिले. लोहमार्ग, जमीनमोजणी आणि रोख सारा या त्यांच्या योजनांची दिशा आधुनिक होती. मात्र ज्या साऱ्यातून त्या योजनांचा खर्च निघाला, त्याच साऱ्यातून हत्तींच्या झुंजी आणि ऐंशी हजार पौंडांचा हिराही आला. राजाची खासगी मालमत्ता आणि राज्याचा खजिना यांत त्या काळी स्पष्ट सीमा नव्हती. ही सीमा आखण्याचे काम पुढच्या पिढीला करावे लागले. सयाजीरावांनी इ.स. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि इ.स. १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. राज्याचा पैसा कशासाठी खर्चावा, या प्रश्नाला बडोद्याने दिलेले ते वेगळे उत्तर होते.

खंडेरावांच्या रत्नसंग्रहातील मोठ्या वस्तू आज गुजरातेत वा महाराष्ट्रात पाहावयास मिळत नाहीत. डभोई हे गाव मात्र अरुंदमापी लोहमार्गांच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. बैलांनी ओढलेल्या त्या पहिल्या डब्यांपासून गुजरातेत अशा मार्गांचे मोठे जाळे उभे राहिले आणि शंभर वर्षांहून अधिक काळ ते खेड्यापाड्यांतील माणसांच्या व शेतमालाच्या उपयोगी पडले.